नट कसायचा की बसवायचा?

गेल्या वर्षी मार्चमध्ये चार दिवस गावी, मंगरूळपीरला गेलो होतो. माझे थोरले भाऊ तिथेच राहतात आणि २२ किलोमीटरवरच्या एका खेड्यात शिक्षक आहेत. एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही, त्यामुळे त्यांचे सारे वेळापत्रक एका शंभर सीसीच्या जुन्या मोटरसायकलवर चालते. या मोटरसायकलचा सायलेन्सर तीन महिन्यांत तिसऱ्यांदा फटफटू लागला होता. प्रत्येक वेळी दादा पुढचे दोन नट कसत, आठ-पंधरा दिवस बरे जात, मग पुन्हा तेच.

रविवार होता. "दादा, मी बसवून देतो," असे मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो. भौतिकशास्त्रातली डॉक्टरेट आणि वीस वर्षांचे प्रयोगशाळेतले काम पाठीशी होते. सायलेन्सर काढला, पुसला, पुन्हा लावला. पुन्हा सैल होऊ नये म्हणून सॉकेट पान्याला ३० सेंटिमीटरची मूठ लावली आणि नट चांगला कसला. कसता कसता एका क्षणी पाना एकदम मऊ फिरू लागला. मला वाटले, अजून बसतो आहे. आणखी थोडे फिरवले आणि 'टक्' असा आवाज झाला. नट, त्यात अडकलेल्या स्टडच्या तुकड्यासकट, माझ्या हातात आला.

सोमवारी दादांना दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसून शाळेत जावे लागले. मी ती मोटरसायकल ढकलत गावातल्या एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी मोडक्या खुंटावर एक नट वेल्ड केला, तो निवू दिला आणि हलके हलके मागेपुढे करत खुंट बाहेर काढला. नवीन स्टड लावताना ते म्हणाले, "भाऊ, नट कसाचा नसते, बसवाचा असते."

या वाक्याचा अर्थ शोधता शोधता आठवी-नववीच्या विज्ञानातले निम्मे धडे पुन्हा वाचावे लागले. तेच इथे मांडतो आहे.

सायलेन्सरमध्ये काय काय असते?

आपण ज्याला सरसकट सायलेन्सर म्हणतो त्याचे दोन भाग असतात. एंजिनाच्या हेडपासून खाली वळून येणारी नळी म्हणजे बेंड पाइप आणि मागचा फुगीर भाग म्हणजे खरा सायलेन्सर. बऱ्याच लहान मोटरसायकलींत हे दोन्ही एकसंध असतात. नळीच्या तोंडाशी एक जाड पट्टी, म्हणजे फ्लँज, असते. हेडमधून बाहेर आलेल्या दोन स्टडवर ही फ्लँज चढते आणि दोन नटांनी दाबली जाते. हेड आणि नळी यांच्यामध्ये एक गोल कडी असते. मिस्त्री तिला पॅकिंग म्हणतात, पुस्तकात तिला गॅस्केट म्हणतात. मागे, पायटीजवळ, सायलेन्सरची पट्टी एका बोल्टने चौकटीला अडकवलेली असते.

इथे बोल्टऐवजी स्टड का, हा प्रश्न मुलांना विचारण्यासारखा आहे. हेड ॲल्युमिनियमचे असते आणि त्यात पाडलेले आटे मऊ असतात. बोल्ट वापरला तर प्रत्येक वेळी काढता-घालताना ते आटे झिजतील. स्टड एकदा हेडमध्ये बसला की तिथेच राहतो. पुढची सगळी झीज पोलादी स्टड आणि पोलादी नट यांच्यात होते. दोन्ही स्वस्तात बदलता येतात, हेड नाही.

एंजिनातून बाहेर पडणारे वायू साधारण ५०० ते ७०० अंश सेल्सियस इतके तापलेले असतात. ते सलग वाहत नाहीत, तर ठोके देत येतात. प्रत्येक ठोक्यानंतर नळीतला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. म्हणून जोड सैल असला की वायू नुसता बाहेर येत नाही, बाहेरची हवा आतही ओढली जाते. नळीतल्या न जळलेल्या इंधनाला ही हवा मिळाली की ते तिथेच पेट घेते. उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर ऐकू येणारी फटफट बहुधा याचीच असते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ नियमांनुसार बनलेल्या गाड्यांत तर याच नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. आत शिरलेली हवा त्याला फसवते. इंधन कमी पडते आहे अशी त्याची समजूत होते आणि एंजिनाला जास्त पेट्रोल दिले जाते.

घट्ट म्हणजे काय?

आपल्याकडे बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवतात. तो प्रसंग ज्यांनी पाहिला आहे त्यांना या प्रश्नाचे उत्तर माहीत आहे. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा थोडा कमी ठेवतात. जाळ करून धाव तापवली की ती प्रसरण पावते. सव्वा मीटरच्या आतबाहेर व्यास असलेल्या चाकाची धाव ५०० अंशांनी तापवली तर तिचा घेर दोन सेंटिमीटरहून अधिक वाढतो. तापलेली धाव चाकावर बसवून वर पाणी ओततात. थंड होताना धावेला आपल्या मूळ घेरावर परत जायचे असते, पण मध्ये चाक असते. धाव ताणलेलीच राहते आणि चाकाचे सगळे सांधे आवळून धरते.

नट-बोल्टचे काम नेमके असेच आहे. नट फिरवला की स्टड ताणला जातो. ताणलेल्या स्टडला मूळ लांबीवर यायचे असते आणि त्या ओढीने फ्लँज हेडवर दाबली जाते. म्हणजे स्टड ही एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. आपण हूकचा नियम शिकवताना तारेची स्प्रिंग टांगतो, वजने लावतो आणि आलेख काढतो. तोच नियम बाकाच्या, पंख्याच्या आणि मोटरसायकलच्या प्रत्येक नटात रोज काम करत असतो. हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

आता थोडे गणित करू. लहान मोटरसायकलींत हे स्टड बरेचदा ६ मिलिमीटर व्यासाचे असतात. त्यांच्या नटाला दहाचा पाना लागतो, कारण पान्यावरचा आकडा नटाची रुंदी सांगतो, स्टडची जाडी नव्हे. अशा स्टडसाठी १० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे पाठ्यपुस्तकातला बलाचा आघूर्ण, सांगितलेला असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. टॉर्क आणि स्टडमधला ताण यांचे एक सोपे, अंदाजी सूत्र अभियंते वापरतात:

टॉर्क = ०.२ × ताण × स्टडचा व्यास

०.२ हा आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी आहे. व्यास ०.००६ मीटर धरला तर ताण सुमारे ८,३०० न्यूटन येतो. म्हणजे करंगळीहून बारीक स्टड साडेआठ क्विंटल सोयाबीनच्या वजनाइतक्या बलाने फ्लँज दाबून धरतो!

एवढ्या बलाने स्टड लांबतो किती? ताणल्या जाणाऱ्या भागाची लांबी २५ मिलिमीटर धरली तर ही वाढ फक्त ०.०५ मिलिमीटर असते. वहीच्या पानाच्या जाडीपेक्षाही कमी. या स्टडचे आटे एका फेऱ्यात नट १ मिलिमीटर पुढे नेतात. म्हणजे ०.०५ मिलिमीटर हा फेऱ्याचा केवळ विसावा भाग, अवघे १८ अंश. नट जे दोन-चार फेरे फिरतो ते पॅकिंग दाबण्यात आणि फटी मिटवण्यात जातात. खरा घट्टपणा शेवटच्या या अठरा-वीस अंशांत असतो.

आणि स्टड तुटतो कधी? सर्रास वापरात असलेल्या ८.८ दर्जाच्या पोलादाचा ६ मिलिमीटरचा स्टड सुमारे १३,००० न्यूटनला आपली लवचिकता सोडतो आणि १६,००० न्यूटनच्या आसपास तुटतो. टॉर्कच्या भाषेत ही दुसरी मर्यादा २० न्यूटन-मीटरच्या आत-बाहेर येते. लवचिकतेची मर्यादा ओलांडली की स्टड कायमचा लांबू लागतो, बल फारसे वाढत नाही आणि पाना मऊ लागतो. मला जाणवलेला मऊपणा हाच होता. नट बसत नव्हता, स्टड मरत होता. हूकच्या नियमाचा आलेख जिथे वाकतो ती जागा मी वर्गात फळ्यावर अनेकदा दाखवली आहे. हाताला ती पहिल्यांदाच लागली, आणि मला ओळखता आली नाही.

जोर कुठे जातो?

दहा न्यूटन-मीटर टॉर्कने नट एक पूर्ण फेरा फिरवला तर आपण ६३ ज्यूल काम करतो. त्या फेऱ्यात स्टडने ८,३०० न्यूटन बलाविरुद्ध १ मिलिमीटर अंतर कापले असे धरले तर उपयोगी काम होते ८.३ ज्यूल. म्हणजे शंभरातले तेराच. उरलेले सगळे काम घर्षण खाते, काही आट्यांत आणि काही नटाच्या बुडाखाली.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. घर्षण थोडे बदलले तर ताण खूप बदलतो. आट्यांना तेल लावून तेवढाच टॉर्क दिला तर ०.२ चा आकडा ०.१४ च्या आसपास येतो आणि ताण जवळपास १२,००० न्यूटनवर जातो. ही मर्यादेच्या अगदी काठावरची जागा आहे. उलट आटे गंजलेले असतील तर सगळा जोर घर्षणातच जिरतो. पान्याला घट्ट लागते, पण फ्लँज सैलच राहते. म्हणून आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करणे हा कामाचा अर्धा भाग आहे. मॅन्युअलमधला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हेही पाहून घ्यावे.

शाळेच्या कपाटातला टॉर्क रेंच

टॉर्क मोजणारा पाना महाग असतो आणि प्रत्येकाकडे नसतो. पण ताणकाटा शाळेच्या प्रयोगशाळेत बहुधा असतोच. दहा किलोपर्यंत मोजणारा ताणकाटा घ्या. पान्याच्या टोकाला सुतळीचा पक्का फास लावून त्यात काट्याचा आकडा अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. नटाच्या मध्यापासून फासापर्यंतचे अंतर १५ सेंटिमीटर असेल, तर १० न्यूटन-मीटरसाठी ६७ न्यूटन, म्हणजे काट्यावर सुमारे ६.८ किलो हवेत. अंतर १२ सेंटिमीटर असेल तर ८.५ किलो. काटकोन सुटला तर काटा तेवढाच दाखवेल, पण टॉर्क कमी पडेल.

माझी चूकही याच हिशेबात सापडते. ३० सेंटिमीटरच्या मुठीवर मी १० किलोचा जोर सहज लावला असेन. एका हाताला तो काहीच वाटत नाही. त्याचा टॉर्क होतो जवळजवळ ३० न्यूटन-मीटर, हव्या त्याच्या तिप्पट. दहाचा पाना आखूड बनवतात त्यामागे हेच शहाणपण असावे. त्याला नळी जोडून लांब करणे म्हणजे ते शहाणपण काढून टाकणे.

आधी कोणता, मग कोणता?

सुतार खाट जोडताना एक सांधा पूर्ण ठोकून मग दुसऱ्याकडे जात नाही. चारही सांधे आधी सैल बसवतो, खाट सरळ करतो आणि मग पाळीपाळीने ठोकतो. सायलेन्सरचेही तसेच आहे. मागचा बोल्ट आधी कसला तर नळीचे तोंड हेडपाशी किंचित तिरके राहते. पुढचे नट मग जोड दाबण्याऐवजी नळी वाकवण्यात खर्ची पडतात. त्यात चालू गाडीची नळी तापते. एक मीटर पोलादी नळीचे सरासरी तापमान २०० अंशांनी वाढले तर ती सुमारे अडीच मिलिमीटर लांबते. थंड असतानाच तिरकी ओढून बसवलेली नळी तापली की हा नवा ताण जुन्या ताणात मिळतो आणि सगळा भार त्या दोन स्टडवर येतो.

म्हणून क्रम असा ठेवावा:

१. एंजिन पूर्ण थंड असावे. गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी असावी. सेन्सर असलेल्या गाडीत त्याची वायर आधी सोडवावी.

२. नट गंजले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल घालून ठेवावे. अडलेला नट एकदम सोडवू नये, थोडा मागे-थोडा पुढे असा हलवावा.

३. जुने पॅकिंग काढावे आणि नवे लावावे. पॅकिंग एकदाच चेपण्यासाठी असते. चेपून ते दोन्ही पृष्ठभागांच्या खाचाखोचा भरते, दुसऱ्यांदा ते तसे चेपत नाही. जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ते कोरडे घासून धूळ उडवू नये, ओले करून काढावे.

४. फ्लँज, दोन्ही नट आणि मागचा बोल्ट हे सगळे फक्त बोटांनी लावावे. नट बोटांनी फिरत नसेल तर आटे चुकले आहेत. पाना लावू नये.

५. सायलेन्सर हाताने हलवून नैसर्गिक जागी बसू द्यावा. मागचे भोक ओढाताण न करता बोल्टसमोर आले पाहिजे.

६. पुढचे दोन नट पाळीपाळीने, अर्धा-पाव फेरा करत आवळावेत. फ्लँज आणि हेड यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी राहते आहे ना, हे पाहत जावे. शेवटी ताणकाट्याने टॉर्क द्यावा.

७. मधे जोड असेल तर तिथला क्लॅम्प, आणि सर्वांत शेवटी मागचा बोल्ट आवळावा. तो जाड असतो, म्हणून त्याचा टॉर्कचा आकडाही वेगळा असतो.

८. गाडी पाच-दहा मिनिटे चालवून पूर्ण निवू द्यावी आणि पुढचे नट पुन्हा एकदा तपासावेत. पहिल्या तापण्यात पॅकिंग आणखी बसते आणि स्टडचा थोडा ताण निघून जातो.

यातल्या तिसऱ्या आणि सहाव्या मुद्द्याने मला खरोखर लाज वाटली. आमच्या प्रयोगशाळेतल्या निर्वात उपकरणांच्या झाकणांखालीही तांब्याची कडी असते. ती दर वेळी नवी घालतो आणि बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळतो. विद्यार्थ्याने घाई केली तर मी रागावतो. तीच गोष्ट अंगणात करताना हे सारे ज्ञान मी प्रयोगशाळेच्या दाराशी ठेवून आलो होतो.

मग नट सैल का होत होते?

मिस्त्रींनी स्टड बसवल्यावर खाली वाकून पाहिले आणि दादांना विचारले, "गुरुजी, मागचा बोल्ट कुठी हाय?" तो जागेवर नव्हताच. कधीतरी गळून पडला होता आणि त्या जागी कुणीतरी तार गुंडाळली होती. तीन-चार किलोचा सायलेन्सर पुढच्या दोन स्टडवर लोंबकळत, प्रत्येक खड्ड्याला शेपटीसारखा हलत होता. आम्ही दोघे भाऊ तीन महिने पुढचे नट कसत होतो. रोग मागे होता.

हलल्याने नट सैल का होतो, याचे चांगले उत्तर १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दिले. जोडाचे दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की नट आपोआप उलटा फिरतो, हे त्यांनी यंत्रावर दाखवले. यामागचे कारण वर्गात दोन मिनिटांत दाखवता येते. एक पाटी तिरकी धरा, पण इतकीच की तिच्यावर ठेवलेला डस्टर घसरणार नाही. आता बोटाने डस्टर आडवा, बाजूला सरकवा. तो नुसता बाजूला जात नाही, तिरका खालीही येतो. घर्षण नेहमी गतीच्या उलट दिशेला असते. डस्टर आडवा सरकू लागला की घर्षण त्या सरकण्याला अडवण्यात गुंतते आणि उतारावर त्याला धरून ठेवायला पुरेसे उरत नाही. आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतारच. आडवा धक्का बसला की नट थोडा उतरतो, मग आणखी थोडा.

यावर उपाय दोन. स्टडमध्ये पुरेसा ताण असावा म्हणजे पृष्ठभाग सरकणार नाहीत, आणि सरकवणारे बलच कमी असावे. दुसरा उपाय मागच्या बोल्टचा. नवा बोल्ट आणि वॉशर मिळून किंमत पन्नास रुपयांच्याही आत होती.

गळती कशी ओळखावी?

ही तपासणी उघड्यावरच करावी. पडवीत, बंद खोलीत किंवा दार लोटलेल्या गोठ्यात एंजिन सुरू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरून ठेवते. डोके जड झाले हे कळेपर्यंत उशीर झालेला असू शकतो.

थंड गाडीच्या जोडाभोवती साबणाचे पाणी लावा, गाडी सुरू करा आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच पाहा. बुडबुडे आले तर गळती आहे. नळी तापली की पाणी उडून जाते आणि ही परीक्षा संपते. काही दिवसांनी जोडाभोवती काळा काजळीचा पट्टा दिसला तर तोही गळतीचाच पुरावा. हात लावून हवा लागते का, हे मात्र कधीही पाहू नये.

वर्गासाठी

शाळेच्या अंगणात शिक्षकांची एखादी तरी मोटरसायकल उभी असतेच. सायलेन्सर न काढताही बरेच करता येईल. सायकलच्या चाकाचा नट ताणकाट्याने आवळून कोरड्या आणि तेल लावलेल्या आट्यांत काय फरक पडतो ते मुले पाहू शकतील. जुना, टाकाऊ बोल्ट वाइसमध्ये धरून तुटेपर्यंत आवळता येईल. डोळ्यांना चष्मा लावून आणि मुलांना दूर उभे करून. पाना मऊ लागण्याचा तो क्षण प्रत्येकाच्या हाताला एकदा कळला पाहिजे. तो आलेखावर कितीही वेळा दाखवला तरी माझ्यासारख्याचा स्टड तुटायचा तो तुटतोच.

दादांचा सायलेन्सर त्यानंतर पावसाळा आणि हिवाळा दोन्ही काढून अजून शांत आहे. त्यांच्या शाळेतला ताणकाटा आता दर महिन्याला एकदा घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी कपाटात परत जातो. सातवीतल्या एका मुलीने त्यांना विचारले, "सर, नट ताणलेला आहे हे न फिरवता कळेल का?" रेल्वेचे कामगार डब्यांखाली हातोडीने ठोकून आवाज ऐकत जात, तो याच प्रश्नाच्या जवळचा प्रकार. ताणलेल्या आणि सैल बोल्टचा नाद वेगळा येतो का? करून पाहा. तुमच्या वर्गात काय ऐकू आले ते आम्हाला जरूर कळवा.